तो काही करत नाही

मरोळ, बुधवार

प्रिय सिद्धेश,

फोन केला की तू 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून आज कागद घेतला. ऑस्करचा कान कसा आहे, हे आधी विचारते. टाके काढले का? त्या मुक्या जनावराचा यात काडीचा दोष नाही. राग आहे तो तुझा. आज त्याला दहा दिवस झाले, तरी तो निवत नाही, आणि परवा खाली फलकावर सोसायटीचा कागद लागल्यापासून तर डोकं नुसतं भणभणतंय.

कागद सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांच्या सहीचा आहे. मैदानाच्या फाटकापाशी राहणाऱ्या हिंस्र भटक्या कुत्रीने एका सभासदाच्या मुलाच्या पाळीव कुत्र्यावर विनाकारण हल्ला केला, सबब तिला येथून कायमचे हलवावे, येत्या रविवारी दहा वाजता सभेत सह्या घेऊन अर्ज पुढे पाठवण्यात येईल. शेवटी एक ओळ: वॉचमनखेरीज कोणीही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ही हिंस्र भटकी कुत्री म्हणजे आपली सुपारी बरं का. दहा वर्षांची, मागचा एक पाय धरलेला, तोंडाभोवती पांढरी झालेली. तिला हलवणार म्हणजे नेमकं कुठे नेणार, ते कोणी लिहिलेलं नाही. या वयात परक्या गल्लीत सोडली तर तिथली कुत्री तिला चार दिवसही टिकू देणार नाहीत, एवढं मला कळतं.

तुला ती नीट माहीतच नाही, कारण ती आली तेव्हा तू लग्न करून कांदिवलीला गेला होतास. गिरणी बंद पडल्यावर बाबा इथल्या इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या एका गाळ्यात कामाला लागले, ते शेवटपर्यंत. त्या गाळ्यामागच्या चहाच्या टपरीखाली ही जन्मली आणि एक दिवस बाबांच्या मागे मागे इथवर आली. मी वर घेऊ दिलं नाही. कबूल आहे, माझाच हट्ट. मग ती फाटकापाशीच राहिली. बाबांना शेवटच्या वर्षी काठी लागली, तेव्हा सकाळच्या फेरीला ती त्यांच्या काठीच्या चालीने चालायची. ते थांबले की थांबायची. समोरून दुसरं कुत्रं आलं की स्वतःहून गटाराच्या कडेला सरकून वाट द्यायची. तिच्या गळ्यात कधी दोरी नव्हती, कारण धरणारं कोणी नव्हतं. तुझ्याकडे दोरी आहे, चांगली लाल, दुकानातली. ती तू कुठे घालतोस? स्वतःच्या गळ्यात! एखादा सत्कारमूर्ती हार घालून फिरतो तसा तू मैदानभर फिरतोस आणि तुझा पस्तीस किलोचा ऑस्कर पुढे मोकाट.

त्या रविवारी काय झालं ते तुला पुन्हा सांगते, कारण तू लोकांना जे सांगितलंस ते ऐकून मला वाटलं आपण दोन वेगळ्या मैदानांवर होतो. सकाळचे साडेसात. सुपारी फाटकाजवळच्या भिंतीपाशी तिच्या ताटलीतला भात खात होती. दर रविवारसारखा तू ऑस्करला घेऊन कांदिवलीहून आलास आणि आत शिरल्या शिरल्या हूक काढलास आणि फोन बाहेर काढलास. ऑस्करने तिला पाहिलं आणि सुटला. वाईट हेतू नव्हता त्याचा, मान्य. त्याला खेळायचं होतं. पण तिला नव्हतं ना खेळायचं! तिने आधी तोंड फिरवलं. मग ताटली सोडून दिली, शेपूट पोटाशी घेतलं, भिंतीला लागली. तुझा लाडका तरी तिच्या अंगावर पुढचे दोन पाय टाकून उभा. त्या दुखऱ्या पायावर त्याचा सगळा भार. ती गुरगुरली, एकदा नाही, तीनदा. तू फोनवरून मान वर करून म्हणालास, 'खेळतायत.' मग 'ऑस्कर, कम! ऑस्कर, कम!' असा पुकारा सुरू केलास आणि त्याने तुझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हाक मारल्यावर न येणारं कुत्रं सोडतात का रे कोणी? तुझ्या बायकोनेच, मानसीने मला सांगितलंय, ऑस्करला शिकवणाऱ्या माणसाने बजावलं होतं, तो हाकेला परतायला शिकेपर्यंत लांब दोरीवरच ठेवा आणि समोरच्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुत्र्याजवळ नेऊ नका. दोन रविवार गेलास आणि तुझं शिक्षण आटोपलं.

मागे भिंत, वर ऑस्कर. तिने कान धरला. दुसरं काय करणार होती? नशीब समज की कानावर भागलं.

आणि हे पहिल्यांदा झालं का? तिसऱ्या मजल्यावरची उत्तरा आठवते? तिचा तो बारका चिकू, भित्रा. ती पोर समोर कुत्रं दिसलं की लांबूनच थांबते, चिकूला कडेला घेते, 'चालेल का?' म्हणून विचारते आणि समोरचा नको म्हणाला तर रस्ता बदलते. एवढं साधं आहे ते. गणपतीच्या आधी ऑस्कर त्या चिकूवर असाच धावून गेला. तिने त्याला उचलून छातीशी धरला, तर हा तिच्याच अंगावर उड्या मारायला लागला. ती रडकुंडीला आलेली आणि तू लांबून हात हलवून सांगतोयस, 'टेन्शन नको घेऊ, तो काही करत नाही.' आता रविवारी ती चिकूला भर दुपारी उन्हात खाली आणते, सकाळी तुम्ही असाल म्हणून. मी तेव्हा तुझ्याबरोबरच होते. काय केलं मी? हसले. 'पोरासारखा अवखळ आहे गं' म्हणाले. त्याची आठवण आली की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

'तो काही करत नाही.' हे वाक्य आपल्या घरात आधी कधी ऐकलं होतं, तुला आठवायला हवं. तू सहा वर्षांचा होतास. शाळेच्या वाटेवर त्या बंगल्यातला अल्सेशियन फाटक उघडं राहिलं म्हणून तुझ्या अंगावर आला. चावला नाही. नुसता दोन पाय खांद्यावर ठेवून भुंकत उभा राहिला. तुझी चड्डी ओली झाली, आणि पुढे महिनाभर तू शाळेला लांबच्या रस्त्याने जायचास. बंगल्याचा मालक व्हरांड्यातून हसत म्हणाला होता, 'कुछ नहीं करता.' आपले बाबा कसे होते तुला माहीत आहे, आवाज न चढवणारा माणूस. पण त्या संध्याकाळी त्या फाटकापाशी उभे राहिले आणि रागात हिंदी सुचेना म्हणून सरळ मालवणीत म्हणाले, 'तो काय करता तां तुमी सांगा नकात, माज्या झिलाक इचारा.' माझ्या मुलाला विचारा म्हणाले ते मालकाला किती कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी फाटकाला कडी लागली होती. सिद्धेश, सुपारीला कोणी विचारलं? तू तिला चप्पल फेकून मारलीस. ऑस्करला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलंस, ते बरोबरच केलंस. पण तिच्या पाठीवर ऑस्करची नखं लागून कातडं फाटलं होतं, ते भीमराजने पाहिलं आणि हळद त्यानेच भरली.

आता त्या भीमराजबद्दल. आठ वर्षं आपल्या फाटकावर वॉचमन आहे, परभणीकडचा. तुम्ही गेल्यावर चंद्रप्रकाश आणि चार जण खाली जमले. तू जाता जाता चंद्रप्रकाशना सांगून गेला होतास की ऑस्कर दोरीवर होता आणि ती कुत्री धावून आली. भीमराज पुढे होऊन म्हणाला, 'साहेबांचा कुत्रा मोकळा होता.' त्यावर चंद्रप्रकाश त्याला म्हणाले, तू तिला खाऊ घालतोस, तू तिचीच बाजू घेणार, आणि पुन्हा सभासदाच्या मुलावर खोटा आळ घेशील तर याद राख. मग ते माझ्याकडे वळले. 'काकी, तुम्ही बाकावर होतात ना? तुम्ही काय पाहिलं?'

मी म्हणाले, मी भाताची पिशवी बांधत होते, माझं लक्ष नव्हतं.

धडधडीत खोटं. मी बाकावरून सगळं पाहिलं होतं, वर लिहिलंय ते सगळं. पण तू माझा मुलगा, चार लोकांत तुझी मान खाली जायला नको, म्हणून खरं सांगायला जीभ वळली नाही. भीमराज माझ्याकडे बघत होता. त्याला पक्कं ठाऊक होतं मी पाहिलंय, कारण तू 'कम, कम' करत होतास तेव्हा 'सिद्धू, धर त्याला' म्हणून ओरडणारी मीच होते. दुसऱ्या दिवशी त्याने मला फाटकात पाहून नेहमीसारखंच विचारलं, 'काकी, चहा झाला का?' मला त्याच्याकडे वर बघवेना. सुपारी तर माझ्या हातचं अजून खाते. तिला काय माहीत.

तेव्हा हे पत्र एवढ्यासाठी. रविवारी दहा वाजता मी सभेत उभी राहून सांगणार आहे की ऑस्कर मोकळा होता, माझा मुलगा खोटं बोलला आणि मीही खोटं बोलले. भीमराजची माफीही तिथेच, सगळ्यांसमोर मागणार आहे. लिहून ठेवलंय, म्हणजे आयत्या वेळी शब्द अडले तरी वाचता येईल. तुझ्या पाठीमागे तुझ्याविरुद्ध बोलायला जीव होईना, म्हणून आधी तुला कळवते. आईने पोराविरुद्ध साक्ष दिली असं लोक म्हणतील. म्हणू देत. तुझी मान खाली जाणार याचं मला दुःख आहे, ते काही आटणार नाही. पण तू स्वतः येऊन सांगितलंस तर मला वाचायची वेळच येणार नाही. रागावला असशील तरी ये. नऊला ये, चहा घेऊन बरोबर खाली उतरू. ऑस्करला पण आण, मी भाकरी करून ठेवते त्याला. आपण त्याला सुपारीपासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या कडेला धरून उभे राहू, ती शांतपणे जेवेल एवढ्या अंतरावर. फक्त फाटकातून आत येशील तेव्हा दोरी त्याच्या गळ्यात असू दे, आणि दुसरं टोक तुझ्या हातात.

तुझीच,
आई
(वनमाला गुणाजी, जिला त्या दिवशी सगळं दिसलं होतं)