इंटरल्यूकिन आणि रविवारचा फोन

३ फेब्रुवारी, सोमवार
काल रेश्माचा फोन लवकर आटोपला. पोरगी हैदराबादच्या लॅबमध्ये प्रथिनावर पीएच.डी. करते. तिथे तिला बोलायला बरोबरीचं माणूस नाही, हा खरा प्रॉब्लेम. संकल्प: रविवारपर्यंत तिचा विषय आत्मसात करणे. आयटीआयमध्ये जन्मभर फिटर ट्रेड शिकवला, प्रथिन काय चीज आहे!

५ फेब्रुवारी
व्हिडिओ पाहिले. तिचं प्रथिन म्हणजे इंटरल्यूकिन-६. शरीरात जंतू शिरले की एक पेशी ते सोडते, दुसरी झेलते आणि कामाला लागते. सगळा खेळ आकाराचा. घडी चुकली तर ते समोरच्या पेशीवर बसतच नाही, निरोप पोचत नाही. म्हणजे नट-बोल्टच. इतकं सोपं करून रेश्माला कुणी सांगितलं नसणार.

८ फेब्रुवारी
रंगीत तालीम. डबा आणणाऱ्या छबूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आधी जेवून घ्या, भाजी गार व्हतीय." विषय कळला नाही, पण भारावल्यासारख्या वाटल्या.

९ फेब्रुवारी, रविवार, रात्री
फोन नाही. लॅबमध्ये काम निघालं असणार. मीही केला नाही. संशोधकाला डिस्टर्ब करू नये. दोनदा लागला तो चुकून.

१३ फेब्रुवारी
प्रथिनाचं तारेचं मॉडेल तयार. इथे देवळालीत हवी तशी तार मिळेना, राहुरीहून आणली. या प्रथिनात चार मुख्य गुंडाळ्या असतात, चारही उजव्या आट्याच्या. माझ्या चारही डाव्या पडल्या. फिटर इन्स्ट्रक्टरकडून असं होत नाही, तार खराब होती. आता दुरुस्त करणार नाही. रेश्मा चूक पकडेल, बोलणं वाढेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
फोन आला. लगेच इंटरल्यूकिनवर आलो. नट-बोल्टपर्यंत पोचलो होतो. रेश्मा म्हणाली, "पप्पा, दिवसभर तेच करते हो. घरचं काहीतरी सांगा ना."

घरचं सांगायचं खातं तिच्या आईकडे होतं. ती गेल्यापासून घरात काही घडत नाही. तरी आठवून पाहिलं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते सांगितलं.

तिने विचारलं, "आणि?"

आज पाणी आलं नाही, उद्या येणार, तेही सांगितलं. मग छबूबाईंच्या गार झालेल्या भाजीवर आलो.