बोरीचं पेन आणि सहावा तुकडा

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, उठायला वेळ लागेल, तोवर पत्र वाचून घ्यावं.) देवाच्या कृपेने आम्ही सगळे ठीक. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या हाताची थरथर? आमच्याकडून परतताना कंडक्टरने ढापलेल्या तुमच्या काठीची चौकशी मी मुद्दाम करत नाही, उगाच तुमचा रक्तदाब वाढतो.

हात थरथरतो म्हणून वर्षभरात तुमचं एकही पत्र नाही. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आटोपता. पत्रात चार-चार पानं रागवायचात. ती सवय लागलेल्या माणसाने काय करावं? बाजारातली पेनं तुमच्या बोटांतून निसटतात, म्हणून चांगलं जाडजूड लाकडी पेन स्वतःच करायला घेतलं. लाकूड तुमच्याच परसातल्या बोरीचं. जिच्याखाली तुम्ही मला पाढे शिकवलेत (आणि सतराच्या पाढ्याला हात टेकलेत), तिची मोडलेली फांदी मी मागे आणली होती.

कोपऱ्यावरच्या सुताराने फांदी बघूनच मान हलवली. बोर म्हणजे पिळाचं लाकूड, ओलं असलं की तडकणारच. निदान दोन वर्षं धीर धरा, म्हणाला. मी आठवडाभर धरला. पहिला तुकडा खिडकीत वाळवला, तो उभा उलला. दुसरा शेगडीजवळ ठेवला, त्याचे दोन झाले. तिसऱ्याच्या टोकांना मेण लावून तो हिच्या कपड्यांच्या कपाटात, सावलीत ठेवला. जेवताना कपाटातून 'टक्' असा आवाज आला. ताटावरची नजर न उचलता ही म्हणाली, "गेला. आणि माझ्या शालीला मेण लागलं असेल तर तुम्हीही गेलात." (लागलं होतं.) चौथ्याला नळीसाठी भोक पाडायला घेतलं, तर मशीन सुरू होताच तो फुटला. पाचव्याच्या वेळी देवासमोर डोळे मिटून उभा राहिलो. देवाने ऐकलं असावं, लाकडाने नाही.

सहावा तुकडा आमच्याच दारामागे सापडला. बोरच, पण खडखडीत वाळलेली. सुताराच्या अंदाजाने तीस वर्षं तरी. लेथवर चढवली आणि धारेखालून लांब कुरळे पापुद्रे सुटत गेले. आतून मधासारखा रंग निघाला. केसाएवढी एक चीर आहे, ती त्याच लाकडाच्या भुशाने आणि डिंकाने बुजवली. डोळ्याला दिसते, बोटाला लागत नाही. सुताराने त्या पेनाने रद्दीच्या कागदावर तीनदा सही केली. याहून मोठी शाबासकी त्याच्याकडे नसते.

पेन सोबत पाठवलं आहे. मुठीत धरून लिहा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल, माझं तुम्ही चालवून घेतलंतच की.

तुमचा,
सतरापाशी अडलेला भाचा

ता. क. : त्या कंडक्टरवरचा आळ मागे घ्यावा. भला माणूस आहे.

आणखी एक ता. क. : दारामागची काठी मला गादी झोडायची वाटली. मूठ कापून बाजूला टाकली, तिच्यावरचं फडकं सुटलं, आणि तुम्ही चाकूने कोरलेली चांदणी दिसली. मूठ जपून ठेवली आहे. सुतार तिला नवा दांडा बसवतो आहे. ती काठी घेऊन यावं की तोंड दाखवू नये, ते कळवा. फोनवर मात्र रागावू नका, मामा. चार पानं लिहा.