पिशवीवाल्याचा पाय

आबा,

सकाळपासून तिसऱ्यांदा टेबलाशी बसलोय. मघाशी उठून खिडकी उघडली, परत लावली, अंगणात जाऊन जास्वंदीला उगाच पाणी घातलं. तुमची नात, माझी पोरगी, सांगलीला आलीय. वीस वर्षं देशोदेशी गोल्फ खेळून तिनं आता खेळणं थांबवलं. कपाटात चषक मावत नाहीत, पेपरवाले तिला विजेती म्हणूनच ओळखतात. आणि आता उंब्रजच्या आपल्या माळावर ती गावातल्या मुलींना शिकवणार आहे. तिथल्या भिंतीवर लावायला तुमच्याविषयी चार ओळी द्या, म्हणाली. "नाना, तुम्ही मराठीचे मास्तर. आबांचं ते वाक्य तेवढं त्यात येऊ द्या." ते वाक्य मला पाठ आहे. लिहायला गेलो की हात थांबतो.

तो माळ डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. तुम्ही फौजेतून हवालदार होऊन परतलेले, छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची सारी हयात निगा राखलेली. कुण्या साहेबानं टाकून दिलेल्या दोन काठ्या तुम्ही ट्रंकेतून आणल्या, एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. माळावर डालड्याचे डबे पुरून खड्डे केलेत. आईच्या जुन्या लुगड्याची निशाणं शेळ्या खायच्या, तर त्यांनाही तुम्ही हिंदीतून शिव्या घालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पोरीला सोडायला यायचो नि बांधावर बसून वर्गात शिकवायच्या कविता गुणगुणत राहायचो. तुम्ही म्हणायचा, "ह्यो मास्तर बघा, डोळं उघडं ठिवून झोपतोय." नऊ वर्षांची असेल ती. एकदा तिनं काठी फिरवली, चेंडू जागचा हलला नाही. इकडंतिकडं बघून ती म्हणाली, "कुणी बघितलं नाही आबा, हा फटका धरायचा नाही." तुम्ही बसल्या जागेवरनं म्हणालात, "तू बघितलंस न्हवं? मग धर मोजून." एक फटका वाढला म्हणून तिनं गाल फुगवले, पण मोजला. हेच ते वाक्य.

मग ती अठरा वर्षांची होते आणि डोंगरावरच्या मैदानावर मुलींची मोठी स्पर्धा येते. पहिली येईल तिला पुण्यात राहून शिकायला मिळणार होतं. दुसरीला काही नाही. घरचं माणूस काठ्यांची पिशवी वाहायला चालत असे. तुम्हाला दम्यानं अंथरुणाला खिळवलेलं, म्हणून मी निघालो. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला उशाशी बसवून घेतलंत. धाप लागत होती तरी सांगत होता: सावली तिच्या रेषेवर पडू देऊ नकोस, ती काठी फिरवताना खोकू नकोस, चेंडूला हात लावू नकोस. "ध्यानात ठिव, पिशवीवाल्याचा पाय म्हंजे खेळणाऱ्याचाच पाय. तुझा पाय लागून चेंडू हालला तर एक फटका तिच्या नावावर वाढतोय. काय रं, ऐकतोस का कविता म्हनतोस?" मी ऐकत होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला नियम ठाऊक नव्हता.

शेवटून दुसऱ्या खड्ड्याला तिचा चेंडू भरकटून जांभळींखालच्या उंच गवतात गेला. साताऱ्याची एक मुलगी फटक्यांत तिच्या बरोबरीनं होती, त्या दोघी नि बाकीचे पलीकडे उभे. मी शोधायला पुढं गेलो. सावलीतल्या गवतावर अजून दव होतं, आणि दवावरची एक कविता माझ्या ओठांवर आली. सातवीच्या वर्गाला मी ती चाल लावून शिकवायचो. दुसरं कडवं चालू होतं तेवढ्यात चपलेला काहीतरी लागलं. बघतो तर तिचा चेंडू, तिनं लाल ठिपका दिलेला. आबा, पुस्तकाला पाय लागला की आपण काय करतो? दुसऱ्याच्या ताटाला, तराजूला, विळ्याला लागला की काय करतो? तेच माझ्या हातानं केलं. चेंडू उचलला, दोन्ही डोळ्यांना लावला, मनात चुकलो म्हणालो आणि खाली ठेवला. खाली ठेवल्यावर मला तुमचं बोलणं आठवलं. तो आधी खळग्यात होता की गवतावर, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ठेवला मात्र गवतावर, नीट.

ती धावत आली. "बरा बसलाय की नाना," म्हणाली आणि हसली. मी तोंड उघडलं होतं. पण ती पाय रोवून उभी राहिलेली, म्हटलं फटका होऊ दे. फटका असा बसला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हटलं हा खड्डा होऊ दे. मग शेवटचा होऊ दे. शेवटी टेबलापाशी सही करण्याआधी तिनं फटक्यांचा कागद माझ्या हातात दिला, "बेरीज बघा नाना." मी बघितली. बेरीज बरोबर होती. तिचे फटके साताऱ्याच्या मुलीपेक्षा एकानं कमी, ती जिंकली.

तो एक धरला असता तर दोघी बरोबरीत आल्या असत्या आणि पुन्हा खेळून निकाल लागला असता. कदाचित आपलीच जिंकली असती. हा कदाचित मनात घेऊन मी कित्येक सकाळी उठलोय. साताऱ्याच्या त्या मुलीनं पुढं खेळ सोडला. एकदा एसटी स्टँडवर दिसली, हातात भाजीची पिशवी, कडेवर मूल. तिनं मला ओळखलंही नसतं, तरी मी खांबाआड झालो.

चषक घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता. चषकाकडं बघितलं नाहीत. पोरगी आत आईला दाखवायला गेली तेव्हा हळूच म्हणालात, "समदं मोजलं न्हवं रं मास्तर?"

"व्हय आबा," मी म्हणालो.

तुम्ही डोळे मिटलेत. त्या दिवाळीला तुम्ही नव्हता.

पुढं परदेशात एकदा तिच्या काठीचा धक्का लागून चेंडू हलला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं स्वतः हात वर केला आणि हातचा चषक गेला. बातमीत तिनं तुमचं नाव सांगितलं. गल्लीतले लोक पेपर घेऊन माझं अभिनंदन करायला आले, म्हणाले, संस्कार आहेत मास्तर. मी त्यांना चहा दिला. तिला सांगावं तर तिच्या सगळ्या वीस वर्षांखालची पहिली वीट मी काढणार. न सांगावं तर त्या माळावर मुली रोज माझ्या अक्षरातलं तुमचं वाक्य वाचणार. स्पर्धा कधीच संपली, आता निकाल बदलत नाही, असं नियमाचं पुस्तक म्हणतं. मी ते आणून वाचलंय. पण तिला ठाऊक असायला हवं होतं. मोजायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं, आणि ते मी तिच्याकडून काढून घेतलं.

आत्ता ती दारात येऊन गेली. केव्हापासून लिहिताय, कुणाला, म्हणाली. मी म्हणालो, आबांना. हसली. "झालं की मला वाचायला द्या." मी म्हणालो, अजून व्हायचंय. ती आत गेली, भांडी लावतेय, इथं आवाज येतोय.

आबा, खरं तर पत्र वरच संपलंय. सांगायचं काही राहिलेलं नाही. आता नुसता लिहीत बसलोय, तिनं पुन्हा डोकावलं तर हात चाललेला दिसावा म्हणून.