मधल्या भिंतीतून गेलेली केबल

१७ जानेवारी १९९४, बोईसर

कार्डं मंजूर झाली. एकनाथराव, आमचे मालक, शेवटी हो म्हणाले. दोन नेटवर्क कार्डं – एक माझ्या मशीनला, एक मागच्या खोलीतल्या पुष्पलताच्या. शिवाय माझ्या मशीनला आणखी एक, बाहेरची मोठी डिस्क जोडायला. कारखान्यांच्या पाइपलाइनची सगळी ड्रॉइंगं आता एका जागी राहतील, आणि दोघांनाही आपापल्या खुर्चीतून उघडता येतील.

फ्लॉपी खिशात घालून दिवसभर मागच्या खोलीत फेऱ्या मारणं हा काय इंजिनिअरचा उद्योग? एकनाथरावांना तसंच म्हणालो.

पुष्पलता असं फक्त इथे लिहितो. तोंडावर 'मॅडम'.

१८ जानेवारी

तिला सांगितलं. मी काढलेली ड्रॉइंगं तीच तपासते, प्लॉटरवर कागदावर उतरवते. म्हणून वाटलं होतं, खूश होईल. म्हणाली, "बरं झालं. तुमची पायपीट वाचली." मग चिंचणीची बस चुकेल म्हणून लवकर निघाली.

७ फेब्रुवारी

कार्डं मुंबईहून आली, पण माझ्या मशीनमध्ये दोन्ही बसवली की मशीन अडकतं. एकेक लावलं की चालतं! दुपारभर झगडलो. कॅबिनेट उघडं, मी आत वाकलेला, आणि पुष्पलता बॅटरी धरून उभी. चहा-झाडलोट करणारी भागी चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

शेवटी सापडलं. दोन्ही कार्डं एकाच नंबरावरून मशीनला हाक मारत होती. एकाचा नंबर बदलायला हवा, असं तिला सांगितलं.

"आणि कुणी हाकच मारली नाय तर?" घरचं बोलणं ऑफिसात तिच्या तोंडी क्वचित येतं.

"तर कार्ड आहे हे मशीनला कळणारच नाही."

ती हसली. मी कार्डावरचा नंबर ठरवणारा इवलासा जंपर काढून शेजारच्या पिनांवर बसवला. चाललं.

९ फेब्रुवारी

मधल्या भिंतीला भोक पाडून काळी केबल पलीकडे नेली. पहिलं ड्रॉइंग पाठवलं आणि ओरडून विचारलं, "आलं का?" पलीकडून आवाज – "आलं." एकनाथरावांनी पेढे आणवले, माझी पाठ थोपटली. झोपेपर्यंत छाती फुगलेली होती.

२ मार्च

आज मागच्या खोलीत जायचं काही कामच पडलं नाही.

२१ मार्च

फ्लॉपी कॉपी व्हायला किती वेळ लागायचा! तेवढ्यात ती सांगायची – वडिलांना आता जाळं विणताना दिसत नाही, भावाने बोटीला नवं इंजिन बसवलं. मी परभणीकडचा, मासे कधी न खाल्लेला. सुक्या बोंबलाची चटणी तिच्याच डब्यातली पहिल्यांदा चाखली, त्या टेबलावर. तेव्हा वाटायचं, वेळ फुकट जातोय.

आता चूक सापडली की ती ड्रॉइंगवरच बारीक अक्षरांत लिहिते – 'व्हॉल्व्ह डावीकडे घ्यावा.' बस, एवढंच.

आज मुद्दाम गेलो. दारात पोचलो तर तिने वर पाहिलं. "काही अडलंय का?"

"नाही."

परत आलो. दुसरं काय सांगायचं होतं, ते जिना उतरताना आठवलं. तेव्हा ती बसमध्ये असणार.

१९ एप्रिल

आज ती माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच, काम नसताना. डहाणूचं स्थळ आलंय. मुलगा शाळेत मास्तर आहे, घरचे चांगले आहेत. वडील घाई करतायत.

"तुम्हाला काय वाटतं?" म्हणाली. "हो म्हणू?"

मी म्हणालो, "चांगलं आहे की. डहाणू काही लांब नाही."

ती तिथेच उभी राहिली. पंख्याखाली कागद फडफडत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "डिस्क भरत आलीय. जुनी ड्रॉइंगं काढून ठेवायला हवीत."

"ठेवते," म्हणाली आणि गेली.

हेच बोलायचं होतं का मला? चौतीस वर्षांचा झालो!

१४ मे

तिचा शेवटचा दिवस. कोणतं ड्रॉइंग डिस्कवर कुठे आहे ते नीट समजावून दिलं. मला सगळं माहीत होतं, तरी ऐकत राहिलो. पत्रिका ठेवली. "या नक्की."

"येतो," म्हणालो.

२२ मे

लग्न. एकनाथराव, भागी, सगळे चिंचणीला गेले. प्लॉटर बिघडलाय, दुरुस्त करायलाच हवा, असं सांगून मी थांबलो. प्लॉटरला काहीही झालेलं नव्हतं.

तिच्या मशीनवर बसून पाहिलं. भिंतीपलीकडे माझी रिकामी खुर्ची.

३ जून

भागी चहा घेऊन आली आणि केबलकडे बोट दाखवून म्हणाली, "ही तार गेल्या वर्षीच येणार होती. सायबांनी बाईला इचारलेलं, टाकू का. बाई नको बोलली."

"का?"

"मी पन तेच इचारलं. तर मला बोलली, मंग ते इकडं कशाला येतील?"