सासऱ्याच्या नंबरावरचं दूध

मंगळवार, १२ ऑगस्ट २००८
राजारामपुरी

डोकं अजून तापलंय. संध्याकाळी आमचं सॉफ्टवेअर बघायला गावच्या दूध संस्थेत गेले, तर शेवंताबाई किटली घेऊन काट्यापाशी उभी. तिचं बिल कोरं निघालंय. सासरा वारला तरी ती दूध त्याच्याच नंबरावर घालते. आमच्याकडं घरोघरी हेच चालतं. सचिवांनी परवा म्हातारा मयत म्हणून कॉम्प्युटरवरून काढला, आणि त्याच्याबरोबर तिच्या दुधाच्या सगळ्या नोंदीही पुसल्या गेल्या.

मी सांगितलं नव्हतं का? पूर्वी नोंदी काढायच्या-पुसायच्या आज्ञा, म्हणजे क्वेरी, मी हातानं लिहायची, काय पुसतेय ते डोळ्यांना दिसायचं. प्रसन्न सर पुण्याहून आमच्यावर साहेब म्हणून आले आणि म्हणाले, "नोंदींच्या टेबलांना हात लावायचा नाही, लायब्ररी बघेल." लायब्ररी म्हणजे आयता कोड, क्वेरी आपली आपणच लिहिणारा. तिच्यात सभासद म्हणजे मालक आणि नोंदी म्हणजे त्याचं सामान. मालक गेला की सामानही जाळायचं, ही सेटिंग सरांचीच. फोन केला तर म्हणतात, "मॉडेल बरोबर आहे, लोक चुकीचं वापरतात."

लोक चुकीचं वापरतात! ती किटली सकाळ-संध्याकाळ कुणाच्या हातात असते, हे विचारलं कधी कुणी?

मी तिला सिस्टीमचं कायबाय सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं, किटली काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "सासरा मेला बाई, म्हशी न्हाईत मेल्या. आता ह्ये कुणाच्या नावावर घालू?"

मी तिचं नाव टाकून शोधलं. लायब्ररीनं इमानदारीत उत्तर दिलं: असा सभासद नाही.