मूळ लेखकाला विचारा

७ ऑक्टोबर, मंगळवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. सकाळपासून टर्मिनलमधल्या त्या एआयशी भांडतेय. काळी खिडकी उघडायची, कमांड द्यायची, मग ते अख्खं फोल्डर आपणहून वाचतं, कोड समजावतं, डॉक्युमेंटेशनही लिहून देतं — असं ऋतुजा पुण्याहून म्हणाली होती. "काव्या, तुला फक्त एंटर दाबायचंय." टीम लीडला बोलायला काय जातं!

आणि कोड कुणाचा? अप्पांचा, माझ्या वडिलांचा. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी नोकरीभर लिहिलेला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुठली गाडी कुठल्या शेतात धाडायची, सगळं अजून त्यावरच चालतं. आता कारखान्याला नवीन सिस्टिम हवी, काम आमच्या कंपनीला मिळालं आणि मी हात वर केला. म्हटलं, लिहिणारा घरातच आहे की. सोलापुरात घरी बसून काम, शेजारच्या खोलीत अप्पा. याहून सोपं काय असणार?

तर आज एआयने मूठभर ओळींच्या फाइलवर पानंच्या पानं लिहिली. पहिलं वाक्य — हा प्रोग्रॅम मजबूत आणि विस्तारक्षम आहे. पुढची सगळी वाक्यं त्याच चालीवर. प्रोग्रॅम करतो काय, ते कुठेच नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

अप्पांनी एका रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत 'एत्तु' ठेवलंय. म्हणजे कानडीत बैल. गाडी बैलाची की ट्रॅक्टरची, त्याची नोंद. आमच्या घरातल्या कुणालाही विचारा. एआयने छातीठोकपणे लिहिलं — एस्टिमेटेड टोटल टनेज युनिट. वर त्याचं गणितही मांडून दाखवलं! मी म्हटलं, अरे बैल आहे तो. "तुम्ही अगदी बरोबर आहात." आणि त्यानंतर ई अक्षराने सुरू होणारं जे सापडेल ते बैल. एरर नंबरचासुद्धा 'बैल क्रमांक' करून टाकला.

अप्पांना दाखवलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वाटलं, स्वारी खुशीत आहे, पुढची फाइल विचारून घ्यावी. चष्मा आणतो म्हणून उठले ते कुंड्यांना पाणी घालायला गेले. परत आलेच नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

"फक्त वाच, काही बदलू नको" असं स्वच्छ सांगितलं होतं. त्याने फाइलींची नावं बदलली. मग माफी मागितली. त्या माफीचं काय लोणचं घालू?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ऊसतोडीच्या चिठ्ठ्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक विचित्र ओळ सापडली. सोमवार असेल आणि मैंदर्गी गटाची बैलगाडी असेल, तर चिठ्ठी काढायचीच नाही. का, ते लिहिलेलं नाही. एआयचं मत — ही बहुधा चाचणीसाठी घातलेली तात्पुरती ओळ दिसते, काढून टाकावी. अप्पांना विचारायला गेले तर "नंतर बघू". कालही नंतर, परवाही नंतर. काढली ओळ. नमुन्याच्या चिठ्ठ्या छापून कारखान्याला पाठवल्याही.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाक कापलं गेलं.

सकाळी कारखान्याच्या शेती ऑफिसातून शंकरप्पांचा फोन. "म्याडम, मैंदर्गीच्या बैलगाड्यांला सोमवारची चिठ्ठी काढली की हो तुमी. लई हसाया लागल्यात हितं सगळी. सोमवारी बैल कोण जुंपतंय?"

फोन स्पीकरवर होता. अप्पा खाटेवरूनच बोलले, "सोमवार बसवण्णाचा, नंदीचा वार. त्या भागात कुणी त्या दिवशी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाई." मग पुढचं सगळं आपणहून सांगत बसले. पहिल्या वर्षी त्यांच्याकडूनही अशीच चिठ्ठी गेली होती. गाडीवानांचा म्होरक्या मडिवाळप्पा सरळ ऑफिसात आला, अप्पांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि वर बैलाच्या गळ्यातली घंटा ठेवली. तसाच माघारी गेला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी ती ओळ घातली. मडिवाळप्पाच्या बैलांची नावंसुद्धा सांगितली मला!

म्हणजे सगळं आठवतंय. फक्त मला सांगायचं नाही.

राग स्वतःचाही आला. आमच्या देवघरात बसवण्णा, आईचा, म्हणजे अव्वाचा, दर सोमवारी उपास, आणि मी एका मशीनने 'बहुधा' म्हटलं म्हणून ओळ उडवली. ती परत घातली.

१२ ऑक्टोबर, रविवार

एआयला दम भरला. माहीत नसेल तिथे सरळ 'माहीत नाही' लिहायचं, अंदाज ठोकायचे नाहीत. आता दर पानावर काय येतंय? 'कारण माहीत नाही. मूळ लेखकाला विचारा.' खाली परत तेच. त्याच्या खाली परत तेच!

मूळ लेखक बाहेर पेपर वाचत होते. लॅपटॉप घेऊन गेले. म्हटलं, अप्पा, हे वजनातून काय वजा करताय तेवढं सांगा. स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्यालाच इचार की. एवढं शिकलेलं हाय म्हनतीस."

हा म्हणतो त्यांना विचार, ते म्हणतात त्याला विचार. मी मधल्या मधे खोखो खेळतेय.

अव्वा स्वयंपाकघरातून, "सारखं इचारू नको गं त्यांना." ही कायम त्यांच्याच बाजूची.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ऋतुजाचा फोन. शुक्रवारी कारखान्यावर मीटिंग आहे. अप्पांनी यायचं, नव्या टीमला जुना प्रोग्रॅम समजावून सांगायचा, मग चेअरमनच्या हस्ते शाल-श्रीफळ.

मला इतका आनंद झाला! खरं तर याचसाठी हे काम मागून घेतलं होतं. अप्पा लॉकडाउनमध्ये रिटायर झाले. निरोप नाही, हार नाही. टेबलातला डबा आणि छत्री पिशवीत घालून एकटे एसटीने घरी आले. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. एकदा तरी त्या लोकांनी उभं राहून म्हणावं, हे सगळं या माणसाने केलंय.

अप्पांना सांगितलं तर चेहराच उतरला. "मी यून काय करू?"

"बोलायचं, अप्पा. तुमचाच प्रोग्रॅम आहे."

"बघू."

मग माझा तोल गेला. म्हटलं, कारखान्यावर रुसलात, ठीक आहे. माझ्यावर कशाला? सांगायचंच नसेल तर तसं सांगा, मी उगाच मागे लागणार नाही. ते ताटावरून उठले. ताटातली भाकरी तशीच राहिली. अव्वाने माझ्याकडे असं बघितलं की मीही उठले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नवीनच. दुपारी अप्पा येऊन उभे राहिले. "तुजं ते यंत्र चालू कसं करत्यात?"

दाखवलं. इथे टाइप करा, एंटर दाबा. "कानडीत इचारलं तर?" म्हटलं, कळतं त्याला. मग म्हणाले, कागदावर लिहून दे. ज्या माणसाने आयुष्य काळ्या पडद्यावर काढलं, त्याला दोन कमांडी लिहून हव्यात! माझी परीक्षा बघतात झालं. नाहीतर आपल्या प्रोग्रॅमला ते काय नावं ठेवतंय, ते वाचायचं असेल. दिल्या लिहून.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत आणि एआय गप्प बसत नाही. घर चालू आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उद्यासाठी अप्पांचा शर्ट इस्त्रीला दिला होता, तो घेऊन परत आले. अव्वा सिद्धेश्वराला गेलेली. दार नुसतं लोटलेलं होतं. अप्पा माझ्या टेबलाशी बसलेले, माझ्याकडे पाठ, शेजारी माझा तो कागद. एका बोटाने टाइप करत होते. मी मागे उभी राहिले, त्यांना कळलं नाही. कानडीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं —

'हा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे. आता वाचला तर काही कळत नाही. उद्या लोक विचारणार आहेत. सोपं करून सांग. माझ्या मुलीला सांगू नको.'

तशीच मागे फिरले. बाहेर आले, दार ओढून घेतलं, थोडा वेळ जिन्यात बसले. मग बेल वाजवली. आतून "आलो, आलो" ऐकू आलं, पण दार उघडायला त्यांनी बराच वेळ घेतला. मी शर्ट दिला.

ऋतुजाला मेसेज केला. उद्या अप्पांना कुणी काही विचारायचं नाही. फक्त शाल द्यायची. डॉक्युमेंटेशनमध्ये जे आहे ते सगळं त्यांनीच सांगितलंय.

मग फाइल उघडली. 'मूळ लेखकाला विचारा' जिथे जिथे होतं ते पुसलं. तिथे लिहिलं — काव्याला विचारा.