राजवर्धन माने यांना कॅमेरा का मिळू नये

लिहून ठेवणार : शहाजी तात्याबा शेडगे, वय वर्षे बावन्न, धंदा लग्नकार्याचे फोटो काढणे, राहणार सानपाडा, नवी मुंबई.

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया आहे आणि तोवर मला चहा बंद आहे. चहाऐवजी पत्नी दोन वेळा दुधी भोपळ्याचा रस देते. त्यामुळे सदर मृत्युपत्र बिनचहाचे लिहिले जात असून त्यात कोणावर अन्याय झाल्यास त्याची जबाबदारी दुधीवर राहील. बाकी माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला जे गृहस्थ येऊन गेले त्यांचे नाव पुढे जागोजागी येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. त्यामुळे रद्द करायला काही नाही, याचे जरा वाईट वाटते.

कलम १. एक खोली-स्वयंपाकघराचे राहते घर, पोस्टातली बचतपत्रे आणि बँकेत असेल ते, सर्व पत्नी सौ. उज्वला हिचे. सव्वीस वर्षे तिने माझी जीभ सहन केली. एकच विनंती. माझ्या तेराव्याला तिचा भाऊ येईल. त्याला पोटभर वाढावे, आग्रह करावा, पण कपाटाजवळ एकटे बसवू नये.

कलम २. स्टुडिओचा गाळा भाड्याचा आहे, तो मालकाला परत. मागचा पडदा, ज्यावर काश्मीर रंगवले आहे, सोसायटीला गणपतीच्या आराशीसाठी द्यावा. त्यातल्या सरोवरात पेंटरने कमळाशेजारी नारळाचे झाड काढले आहे. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने हरकत घेतली नाही, सोसायटीची कमिटी पहिल्याच दिवशी घेईल. दिवे, छत्री आणि स्टँड कन्या मनस्वीला.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता. दोन भिंगांचा जपानी कॅमेरा, यशिका, एकशेवीसच्या रोलचा, एका रोलला चौकोनी बारा फोटो देणारा. एका कोपऱ्याचे चामडे सुटले आहे, लाइटमीटर मेलेला आहे, भिंग स्वच्छ आहे. हा कॅमेरा मनस्वीचा. तो विकत, उसना, शोभेला, पूजेला किंवा ‘जरा बघू’ म्हणूनदेखील श्री. राजवर्धन माने, राहणार वाशी, यांच्या हाती जाता कामा नये. हे कलम बाकी सर्व कलमांपेक्षा मोठे समजावे. तेवढ्यासाठीच हा कागद आणला आहे.

राजवर्धन म्हणजे उज्वलाचे थोरले बंधू. वाशीत त्यांची कलर लॅब आहे. गेल्या रविवारी माझी तब्येत बघायला आले, माझ्या डोळ्यांदेखत आल्याचा चहा प्याले आणि म्हणाले, “दाजी, तो जुना कॅमेरा देऊन टाका की मला. लॅबच्या शोकेसमध्ये ठेवतो. हारबीर घालतो. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, माणूस जुना जाणता आहे. तुम्हाला तरी आता…”

इथे ते थांबले आणि बशीत बघू लागले.

“दादा, बिस्कीट घे,” उज्वला म्हणाली. त्यांनी दोन घेतली.

कलम ४. कॅमेरा त्यांना का नाही, हे कोर्टात विचारले गेल्यास पुढील मजकूर वाचून दाखवावा.

१९९० साली मी स्वतःचा पहिला मोठा कॅमेरा घ्यायला निघालो. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मावशीचे नाक तिचे तिला ओळखू यायचे तर निगेटिव्ह मोठी लागते, हे मला कळले होते. जवळ साडेसहा हजार होते. जाणकार म्हणून मी राजवर्धनांना सोबत नेले. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत महाग चूक होय, आणि तिची पावतीही मिळाली नाही.

फोर्टातल्या दुकानदाराने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक जर्मन. त्याची किंमत ऐकून मी हात मागे घेतला, जणू तो गरम होता. दुसरा हाच जपानी, सहा हजारांना. तिसरा चिनी, दिसायला जर्मनचा जुळा भाऊ, तीन हजारांना. माझा हात आपोआप जपानीकडे गेला. राजवर्धनांनी तो माझ्या हातातून घेतला, मागचे झाकण उघडले, ट्यूबलाइटकडे धरला, एक डोळा मिटला आणि घरात मयत झाल्यासारखा चेहरा केला.

“दाजी, भिंगात बुरशी आहे.”

“मला नाही दिसत.”

“तुम्हाला कशी दिसणार? नजर लागते त्याला. खाडीच्या हवेत नेलात तर वर्षभरात आंधळा होईल. चिनी घ्या. नवाकोरा आहे. उरलेल्या पैशात उज्वलाला पैठणी होईल.”

मी चिनी घेतला. पैठणी झाली नाही. पंधरा दिवसांनी दसरा आला. सोने द्यायला राजवर्धनांकडे गेलो तर पाटावर, हळदकुंकू लावलेला, आपट्याच्या पानांत बसलेला तोच जपानी कॅमेरा. कोपऱ्याचे सुटलेले चामडे मी ओळखले.

“बुरशीचं काय झालं?” मी विचारले.

“साफ करून घेतली, दाजी. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.”

पुढे सहा वर्षे ते त्या कॅमेऱ्यावर लग्ने मारत राहिले आणि मी चिनीवर. मग व्हिडिओ शूटिंगचे दिवस आले आणि त्यांनी जपानी कॅमेरा भंगाराच्या भावात फोर्टातल्या त्याच दुकानात टाकला. आठवड्याने मी तो चौदाशेला उचलला. भिंग मीही ट्यूबलाइटकडे धरले, मग उन्हाकडे, मग दुकानातल्या देवाच्या दिव्याकडे. बुरशी नव्हती. कधी होती अशी पुसट खूणही नव्हती.

कलम ५. तथापि मी मेहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवणार नाही. चिनी कॅमेरा, केससह, राजवर्धन यांना. शोकेसमध्ये ठेवावा, हार घालावा. त्याची चावी फिरवताना रोल कुठे थांबायचा हे तो स्वतःच्या मर्जीने ठरवतो, त्यामुळे एक फोटो दुसऱ्यावर चढतो. बारातले आठ हाती लागले की मी देवाला नारळ फोडत असे. सोबत त्यांच्याच वास्तुशांतीचा एक मोठा फोटो फ्रेम करून ठेवला आहे, तोही द्यावा. त्यात राजवर्धनांच्या सफारीवर गृहप्रवेशाच्या गाईचे तोंड आले आहे. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा सात्त्विक फोटो मला दुसरा साधलेला नाही.

कलम ६. मनस्वीस. हा कॅमेराही कधीतरी थकेल. तुला दुसरा घ्यावा लागेल आणि पैसे तेव्हाही बेताचेच असतील. म्हणून सांगून ठेवतो. चामडे, रंग, पोचे यांकडे बघू नकोस, दुकानदार त्यांचीच माफी मागत किंमत वाढवतो. मागचे झाकण उघड आणि भिंगातून उजेड बघ. शटर एका सेकंदावर लावून कानाशी धर. आवाज दम लागल्यासारखा अडखळला तर ठेवून दे, मला काय झाले आहे ते तू बघतेच आहेस. चावी बारा वेळा फिरव, प्रत्येक वेळी एकाच जागी थांबली पाहिजे. लाइटमीटर चालू नसेल तर पैसे कमी करून माग, उजेड तुला डोळ्यांनी कळतो. आणि दुकानात नातेवाईक नेऊ नकोस.

आणखी एक. हा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्यात बघायचे असते. समोर कोणीही असो, आधी वाकावे लागते. राजवर्धनांना तो का टिकला नाही, याचे हेही एक कारण असू शकेल.

कलम ७. इथवर लिहून झाल्यावर दोघे साक्षीदार आले. एक शेजारचे सयाजी जगताप, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, आमच्याच साताऱ्याकडचे. दुसरे दादू पाटील, सानपाडा गावातले, कंपनीत नोकरी आणि खाडीत होडी. रविवार म्हणून चिंबोऱ्यांची पिशवी घेऊन आले होते. उज्वलाने ती माझ्या नजरेआड केली.

सयाजींना मी कागद वाचून दाखवला.

“अवो शहाजीराव, ह्ये मृत्युपत्र हाय का मेव्हण्याची आरती? बायकोचं नाव दोनचारदा आन त्याचं पानापानावर!”

“साक्षीदाराने मजकुरावर बोलायचं नसतं.”

“आन साक्षीदाराला काय मिळतंय?”

“कायद्याने काही देता येत नाही.”

“मंग ह्यो कायदा तुमच्या मेव्हण्यानंच केला आसंल.”

दादू हसले नाहीत. म्हणाले, “फोटूवाले, सगल्यांचा लिवलाव. आमचे आयेचा एक फोटू रायलाय तुमच्याकरं, त्यो पन लिवा.”

तो लिहायचे मी टाळत होतो. आता लिहितो.

१९९२ साली दादूंच्या मुलीचे लग्न होते. आमच्या धंद्यात एक रीत आहे, गिऱ्हाइकाला माहीत नसलेली. रोल संपत आला आणि पाहुणे ‘माझा काढा, माझा काढा’ म्हणून गराडा घालू लागले की नुसता फ्लॅश उडवायचा. उजेड पडतो, माणूस खूश होऊन बाजूला होतो, रोल वाचतो. याला खाली फ्लॅश, म्हणजे रिकामा फ्लॅश, म्हणतात. त्या दिवशी दादूंच्या आई बाळाबाई अंगभर सोने घालून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “माजा एकलीचा फोटू कार रं. आजपरत कुनी एकलीचा नाय कारला.” मला वरातीसाठी दोन फोटो राखायचे होते. मी खाली फ्लॅश मारला. बाळाबाई हसल्या होत्या, तेवढे मी पाहिले.

नंतर त्या मासळीची पाटी घेऊन स्टुडिओवरून जाताना विचारत. मी कधी ‘धुवायला टाकलाय’ म्हणालो, कधी ‘लॅब बंद आहे’. पुढे पुढे त्या नुसत्याच दारात थांबून आत बघत. मग पाटी उचलणे जमेना म्हणून यायच्या बंद झाल्या.

हे सर्व राजवर्धनांच्या माथी मारावे, असे मनात आले. चिनी कॅमेऱ्याने रोल खाल्ला नसता तर खाली फ्लॅशची वेळ आली नसती, हे वाक्य मी जुळवूनही ठेवले होते. पण मला विचाराल तर हातात जपानी असता तरी मी तेच केले असते. वर मान करून उभ्या असलेल्या बाईपेक्षा वरात मला मोठी वाटली. यात मेहुण्यांचा काही संबंध नाही. कलम ३, ४ आणि ५ मात्र जसेच्या तसे कायम.

“दादू,” मी म्हणालो, “त्या फ्लॅशमागे फोटो नव्हता. मी नुसता उजेड पाडला.”

दादूंनी विचारले, “मंग सा वरसा आमची आय येरी व्हती काय?”

“नाही. मी लबाड होतो.”

सयाजी हळूच म्हणाले, “लिवा. ह्ये बी लिवा.” म्हणून लिहिले.

मग कागद तसाच ठेवून आम्ही रिक्षाने गावात गेलो. उज्वला नको म्हणत होती, नंतर स्वतःच रिक्षात बसली. कॅमेरा मनस्वीच्या गळ्यात होता. बाळाबाई पडवीत बसल्या होत्या. मी त्यांना तोंडाने सांगितले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि लुगड्याचा पदर नीट केला.

“तवा सोना व्हता. नातवांचे लग्नांत गेला. आता काय कारतंस?”

“तुमचा एकटीचा.”

“तोंड तं त्याच हाय. कार.”

मी मान खाली घातली. रोल नवा होता. बाराही फोटो त्यांचेच काढले, मध्ये एकही दुसऱ्या कोणाचा नाही. पडवीत नातवंडे गोळा झाली, ‘आमचा, आमचा’ करू लागली. त्यांना मनस्वीने बाहेर नेले. परत आल्यावर सह्या केल्या.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि तो माझाच आहे. याची अंमलबजावणी मनस्वीने करावी, मामाला न विचारता.

सही : शहाजी तात्याबा शेडगे

त्यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर :
१. सयाजी जगताप, सानपाडा
२. दादू पाटील, सानपाडा गाव

ठिकाण सानपाडा, नवी मुंबई. रविवार, दि. ८ नोव्हेंबर १९९८.

जोड, मंगळवार दि. १० नोव्हेंबर : रोल घरीच धुतला. सातवा फोटो चांगला आला, तो मोठा केला आणि दुपारी स्वतः नेऊन दिला. बाळाबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला, मग ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. दादूंनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत. उरलेल्या अकरांची निगेटिव्हही त्यांच्याकडेच ठेवून आलो. – श. ता. शे.